पहिली पाच मिनिटं

आमच्या ऑफिसात महिन्यातून एक आठवडा मी 'ऑन-कॉल' असतो. म्हणजे रात्री तीन वाजता कुठल्यातरी सर्व्हरची डिस्क ऐंशी टक्के भरली की माझा फोन वाजतो आणि मी अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडतो. सर्व्हर बंद पडलेला नसतो हं, फक्त 'पडू शकेल' अशी पिवळी सूचना आलेली असते. तेवढ्यावर झोपमोड! आणि याचा मला थोडा अभिमानही आहे.

तर अशा या जागरूक माणसाला गेल्या महिन्यात एका मंगळवारी बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं, "साहेब, मागच्या उजव्या चाकात हवा कमी वाटतेय." मी म्हटलं, "हो हो, बघतो." आणि मनात म्हटलं, वीकेंडला बघू. पिवळी सूचना आली होती, फुकट आली होती, आणि मी ती बंद करून टाकली.

शनिवारी डोंबिवलीला मामेबहिणीचा साखरपुडा होता. आम्ही पुण्याहून निघालो. मी, बायको, आई आणि सहा वर्षांची लेक. एक्सप्रेसवेवर घाट उतरून खालापूरचा टोलनाका मागे टाकला, रस्ता मोकळा मिळाला म्हणून जरा वेग घेतला, आणि मागून 'फाड्!' असा आवाज आला. गाडी उजवीकडे ओढायला लागली. नशिबाने मी ब्रेकवर उभा राहिलो नाही. कशी कोण जाणे, स्टिअरिंग घट्ट धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडायची बुद्धी झाली. गाडी हळूहळू डावीकडे कडेला आली. हुश्श!

आता यापुढची पाच मिनिटं नीट वाचा, कारण हा लेख त्याच पाच मिनिटांसाठी लिहितोय.

मी रहदारीच्या बाजूचं दार उघडून उतरलो. डिकीतलं सगळं सामान बाहेर काढलं. साखरपुड्याच्या फळांची टोपली, आईची पिशवी, लेकीची सायकल (का घेतली होती, विचारू नका). आई लेकीचा हात धरून गाडीच्या अगदी मागे उभी राहिली. बायको म्हणाली, "अरे, तो लाल त्रिकोण कुठाय?" त्रिकोण स्टेपनीच्या खाली होता, चार वर्षांपूर्वी गाडीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेला. जोडता जोडता दोनदा हातातून निसटला. शेवटी गाडीच्या मागे चार पावलांवर ठेवला आणि मी चालत्या ट्रॅफिककडे पाठ करून उजव्या चाकापाशी उकिडवा बसलो. एक कंटेनर इतक्या जवळून गेला की उभी गाडी हलली.

तेवढ्यात एक टेम्पो पुढे जाऊन कडेला थांबला. पन्नाशीचा ड्रायव्हर धावत आला आणि लांबूनच ओरडला, "ओ साहेब, गाडी ऱ्हाऊ द्या! आधी आज्जीस्नी आन् पोरीला कठड्याच्या पलीकडं न्या! गाडी काय पळून जातीय व्हय?"

त्याने आईला स्वतः हात देऊन कठडा ओलांडायला लावला. मला म्हणाला, "उजव्या अंगाचं चाक हितं बदलायचं नसतं. फोन लावा." मग आमच्याबरोबर कठड्याआड उभा राहिला. गस्तीची गाडी चाळीस मिनिटांनी आली. त्यांनी मागे लांबवर कोन लावले आणि मग चाक बदललं. तोपर्यंत काका निघून गेले होते, चहाचे पैसेसुद्धा न घेता.

घरी आल्यावर मला एक जुनी बातमी आठवली. जून २०१६ मध्ये याच एक्सप्रेसवेवर पनवेलजवळ शेडुंगपाशी एक गाडी टायर बदलायला कडेला थांबली होती. दुसरी तिच्या मदतीला थांबली. मुंबईकडे निघालेली खासगी बस येऊन दोन्ही गाड्यांवर आदळली आणि रस्त्याखाली कोसळली. १७ माणसं गेली. म्हणजे ते टेम्पोवाले काका काय जोखीम घेऊन थांबले होते, ते मला रात्री अकरा वाजता घरात बसून कळलं.

सांगायचा मुद्दा असा की आपण गाडी चालवायला शिकतो, थांबवायला शिकत नाही. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेऊन दाखवली, की झालो आपण ड्रायव्हर. बंद पडलेल्या गाडीचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

यावर मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, रोडसाइड असिस्टन्स असतो ना! विम्याबरोबरच मिळतो. पाना हातात घेऊन हात काळे कशाला करायचे?" मान्य. शंभर टक्के मान्य. मीही यापुढे एक्सप्रेसवेवर चाक बदलणार नाही, त्यांनाच बोलावणार. पण ते लोक अर्ध्या-पाऊण तासाने येतात, आणि माणसं बहुतेक मरतात ती त्याच्या आधी. पहिली पाच मिनिटं कुठल्याच अॅपवर मिळत नाहीत. ती आपलीच असतात.

त्या पाच मिनिटांचा क्रम मी आता पाठ केलाय. माणसं, खूण, फोन आणि सगळ्यात शेवटी गाडी. आपण नेमकं उलटं करतो, कारण हप्ते गाडीचे चालू असतात ना!

माणसं म्हणजे सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं आणि कठड्याच्या पलीकडे, शक्यतो गाडीपासून थोडं मागे जाऊन उभं राहायचं. मागून कुणी धडकलं तर गाडी पुढे फेकली जाते. 'ऊन आहे, आत एसीत बसा' हे प्रेमळ वाक्य कटाक्षाने टाळायचं. टायर फुटलेली गाडी हळूहळू रेटत रुंद जागेपर्यंत नेता येत असेल तर न्या. टायर तर गेलाच आहे, फार तर रिम जाईल. रिम बाजारात मिळते.

खूण म्हणजे हॅझर्ड दिवे आणि त्रिकोण. आता जरा गणित. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. ड्रायव्हरचं लक्ष जाऊन, ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबेपर्यंत शंभरेक मीटर सहज लागतात. मग माझा चार पावलांवरचा त्रिकोण कुणासाठी होता? फोटोसाठी! एक्सप्रेसवेवर शंभर-सव्वाशे पावलं तरी मागे जायला हवं, तेही कठड्याच्या आतून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. आणि कडेने चालायला सुरक्षित जागाच नसेल तर त्रिकोणाचा नाद सोडा, स्वतः कठड्याआड जा. काही लोक मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावतात आणि चाक बदललं की ते तसेच टाकून निघून जातात. रात्री मोटरसायकलवाल्याला त्यातलाच दगड भेटतो. कृपा करून उचलून ठेवा.

फोन. कुठेही असलात तरी ११२, महाराष्ट्रात अॅम्ब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. सांगताना 'लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी' असं नको. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कुठल्या दिशेने चाललोय, एवढं सांगा.

बाकीच्या संकटांनाही हाच क्रम लागू पडतो. इंजिन तापून काटा लाल पट्ट्यात गेला की एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, सरळ तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास गप्पा मारा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की इंजिनाचं पेट्रोल बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. म्हणजे बचत शून्य आणि ब्रेक अर्धे. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की ते कायमचं वाकडं होतं. पाणी चढत असेल तर बाहेर पडा, गाडी गेली खड्ड्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती लोक गाडीतच वाट बघत बसले. नंतर दारं उघडेनात, काचा खाली येईनात, आणि काहीजण आतच गुदमरून गेले.

आता त्या वॉचमनच्या पिवळ्या सूचनेकडे येतो. माझा टायर एक्सप्रेसवेवर फुटला हे अर्धसत्य आहे. तो मंगळवारपासून फुटत होता. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात, त्याने टायर तापतो, आणि वेगात त्या भिंतीच फाटतात. 'हायवेला जाताना हवा थोडी कमी ठेव, टायर गरम होतो' हा सल्ला मला किमान तिघांनी दिलाय. तो बरोबर उलटा आहे. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेवढीच, टायर थंड असताना भरायची. पंपावरचा मुलगा सगळ्यांना पस्तीस भरतो, त्याला आपला आकडा आपण सांगायचा.

म्हणून रविवारी दहा मिनिटं. फार नाही. चार चाकांची हवा आणि स्टेपनीचीही. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर बाद. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. कूलंट बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का, डिपस्टिकवर ऑइल आहे का, मागचे ब्रेकचे दिवे लागतात का. गाडीखाली कसले थेंब पडलेत का. बास. आणि २०२० पासून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर छोट्या गाडीत स्टेपनी नसली तरी नियमाला चालते. तेव्हा आपल्या डिकीत नक्की काय आहे, ते घरच्या पार्किंगमध्येच बघून घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप असेल तर हवा भरत भरत पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचता येतं.

अजून एक. हे ज्ञान घरात एकट्या माणसापाशी असू नये. आमच्या भाषेत त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. गेल्या रविवारी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. बायकोने माझ्याआधी चाक बदललं (नट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा, हे मी विसरलो होतो!). आईने अडीच मिनिटांत त्रिकोण जोडला. लेकीचं काम एकच, 'आज्जीचा हात धरून कठड्यामागे'. तिने ते तीनदा करून दाखवलं.

आणि कधी दुसऱ्या कुणाची गाडी कडेला दिसली तर? थांबणार असाल तर बरंच पुढे, सुरक्षित जागी थांबा, आणि आधी माणसं कठड्याआड न्या. पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार, ही भीती आता जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलंय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलंय, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. थांबणं जमणार नसेल तर जाता जाता शेजारच्याला ११२ लावायला तरी सांगा.

टेम्पोवाल्या काकांचं नाव मी विचारलंच नाही. वॉचमनला मात्र परवा थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या डाव्या चाकातपण बघा जरा."

मी चावी घेऊन तसाच खाली उतरलो.