बंब गळतो म्हणून काय झालं?

घरातली एखादी वस्तू म्हातारी झाली, की तिच्याविषयी मत द्यायला माणसं कुठून कुठून गोळा होतात, ते बघण्यासारखं असतं. आमच्या तांब्याच्या बंबाला खालच्या सांध्यातून गळती लागली आणि दोन दिवसांत आमच्या साताऱ्याच्या घराच्या परसात सर्वपक्षीय सभा भरली. ठराव एकच : बंब मोडीत काढावा आणि गीझर बसवावा. सूचक चिरंजीव, अनुमोदक शेजारी. विरोधात मी एकटा. आमची ही तटस्थ राहिली. आता तटस्थ म्हणजे काय, हे विवाहितांना सांगायला नको.

सभेत मला बोलू दिलं नाही, म्हणून ते भाषण इथे करतो.

मुद्दा पहिला, ‘बंब जुना झाला.’ बंबातलं नेमकं काय जुनं झालं? खालची बिडाची जाळी आगीने झडते. ती माझ्या आठवणीत तीनदा बदलली. तोटी दोनदा बदलली. एक पाय १९९३ साली नवा लावला. राहिलं काय, तर तांब्याचं अंग आणि मधली नळी, जिच्यात आग असते आणि जिच्याभोवती पाणी. त्या अंगावर माझ्या आजीचं नाव आणि ‘शके १८७४’ असं ठोकून घातलेलं आहे. तेवढं सोडलं तर आमचा बंब आमच्या चिरंजिवांपेक्षा तरुण आहे. हे मी सभेत म्हटलं असतं तर सभा उधळली गेली असती, ही गोष्ट वेगळी.

मुद्दा दुसरा. ‘पाणी तापायला हल्ली फार वेळ लागतो.’ अहो, लागणारच! आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत. पाणी तापलं की ते नळीच्या पाठीवर पांढऱ्या थराने बसतात, आणि तो थर उष्णता अडवतो. तांबं बिचारं स्टेनलेस स्टीलच्या २५ पट उष्णता वाहून नेणारं, पण त्याच्यावर चुन्याची गोधडी घातल्यावर ते काय करील? चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी खळखळून ओतून दिलं, की अर्धा रोग गेला. ज्या वस्तूचं औषध स्वयंपाकघरातल्या बरणीत सापडतं, तिला म्हातारी म्हणायचं की काटक?

आणि गीझरला काय क्षार ओळखत नाहीत? त्याच्या कॉइलवरही तोच थर बसतो. साठवणीच्या गीझरच्या टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजत राहते. वेळेवर बदलली तर टाकी कितीतरी वर्षं जगते. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी ती कांडी बदलून घेतली आहे? किती जणांना ती आहे हे ठाऊक आहे? आमच्या शेजाऱ्यांना नव्हतं. सहाव्या वर्षी त्यांच्याकडे एक पोरगेला मेकॅनिक आला, गीझरला हातही न लावता म्हणाला, “टाकी गेली काका. नवीनच घ्या.” काकांनी घेतला. आता हे काका मला दुरुस्तीवर पैसे उधळू नका म्हणून सांगतात!

“पण बाबा, बंबाचे पार्ट मिळत नाहीत,” चिरंजीव म्हणाले. अरे, पार्ट मिळावे लागतात ते जे बनवता येत नाहीत त्याचे. बंबाचा पार्ट मिळत नसतो, तो करतात. पत्रा कापतात, तापवून नरम करतात, ठोकतात, झाळतात. झालं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर उद्या माझ्या नावावर भलतंच खपेल. जळणावरचं सगळं काही चांगलंच, असं माझं म्हणणं नाही. स्वयंपाकघरातली चूल गेली ते उत्तम झालं. चुलीचं कौतुक तिच्यापुढे रोज न बसलेल्यांनीच केलेलं आहे. माझ्या आजीने डोळे चोळत फुंकणी फुंकली, तिला कधी चुलीचं काव्य सुचलं नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या नावावर गॅस लागला. नेमक्या त्याच काळात हायवेवर ‘चुलीवरचं मटण’च्या पाट्याही लागल्या. एकीची चूल सुटली ती दुसरीच्या गळ्यात पडली, आणि आपण बोटं चाटत फोटो काढले. त्या चुलीला दुरुस्ती नको, निरोपच हवा. बंबाचं तसं नाही. तो परसात, उघड्यावर, सकाळी अर्धा तास धुमसतो, करवंट्या आणि वाळक्या ढलप्या खातो आणि गप्प होतो. बंद न्हाणीघरात मात्र त्याला कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस आंघोळीला जातो तो परत येत नाही. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्याने खुशाल गीझर घ्यावा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. काही दिवाळं निघत नाही. पैशाचा मुद्दा मी काढतच नाही.

माझा मुद्दा माणसाचा आहे. बंब घेऊन मी पुण्याला कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. एस.टी.त कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट फाडलं. (२०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मराठीने बंबाला पुल्लिंगी करून माझं नुकसान केलं.) तांबटकाकांनी बंब आडवा केला, बोटाच्या पेराने सगळीकडून वाजवला आणि डॉक्टर पाठीला कान लावतात तसं ऐकत राहिले.

“रिकामा पेटवला होता का कुणी?”

“नाही हो.”

“मग वाचला. पत्रा चांगला आहे, सांधाच उकललाय.”

मग त्यांनी सांगितलं ते प्रत्येक बंबवाल्याने ध्यानात ठेवावं. सांध्याचा डाख कथील-शिशाचा असला तर तो २०० अंशांच्या आसपास वितळतो. आत पाणी आहे तोवर पत्रा १०० च्या फार वर चढत नाही, आणि त्याच्यापाशी डाख सुखरूप. पाणी नसताना जाळ केला की संपलं. म्हणून आधी पाणी, मग आग. मी म्हटलं, “खर्च किती?” तर नव्या बंबाच्या पावपटही नाही. “नवाच घ्या,” असं ते म्हणू शकले असते. नवे बंब त्यांच्या पाठीमागेच रांगेने उभे होते.

“दुरुस्तीला येतं का कुणी?” मी विचारलं.

“येतात. पण बंब घेऊन येणारे कमी, विकायला येणारे जास्त.”

हेच ते. आपण म्हणतो, दुरुस्त करणारा मिळत नाही म्हणून वस्तू टाकली. तो मिळत नाही, कारण आपण टाकली. ठोका कुठे किती जोराचा घालायचा हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते मनगटात असतं आणि गिऱ्हाइकाअभावी ते मनगट दुसऱ्या कामाला लागतं.

यापेक्षाही मला राग आहे तो बंबप्रेमी मंडळींचा. हे लोक बंब मोडीत घालत नाहीत. त्याला घासूनपुसून, लाखेचं पॉलिश मारून दिवाणखान्यात उभा करतात आणि आत प्लॅस्टिकची फुलं खोचतात! एका ओळखीच्या घरी तर बंबाच्या पोटात बल्ब लावला आहे. “आमच्या पणजोबांचा,” असं सांगून वर लाल दिवा पेटवतात. मोडीतला बंब निदान वितळून हंडा-कळशी तरी होतो.

आमचा बंब परवा परत आला. सांधा पक्का झाला, जाळी नवी बसली. पाणी वीस मिनिटांत तापलं. ही काही बोलली नाही, पण तिने पहिली बादली स्वतःची भरून घेतली. तोटी मात्र अजून ठिबकते. जुन्या मापाची पितळी तोटी पुण्याला बोहरी आळीत मिळेल असं तांबटकाका म्हणाले आहेत. गुरुवारी जाऊन येतो. चिरंजीव म्हणतात, येताना गीझरच्या किमती तेवढ्या विचारून या.