संशोधनाच्या मांडवात आपण कुठे?

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की नागपूर विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांत परिषदा, चर्चासत्रं, प्रदर्शनं यांचा हंगाम सुरू होतो. सूचनाफलकांवर 'आविष्कार' संशोधन स्पर्धेची पत्रकं लागतात. पुढे 11 फेब्रुवारीला विज्ञानातील स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस येतो, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. स्त्री-संघटनांनाही एखादं निमंत्रण येतं, बहुधा दीपप्रज्वलनाचं नाहीतर 'महिलांचे योगदान' यावर वीस मिनिटं बोलण्याचं. आपण जातो, बोलतो, शाल-श्रीफळ घेऊन परततो. जिथे पोरापोरींनी आपली यंत्रं आणि तक्ते मांडलेले असतात, त्या दालनात मात्र आपल्यातल्या फार थोड्या जणी शिरतात. ते आपलं क्षेत्र नव्हे, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. यंदा मैत्रिणींनो, तसं करू नये असं मला वाटतं.

जानेवारी 2023 आठवून पाहा. 108वी भारतीय विज्ञान काँग्रेस आपल्या नागपुरात भरली होती. विषय होता स्त्रियांच्या सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान. उद्घाटनाचा दिवस 3 जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंचा जन्मदिवस, आणि जागा अमरावती रस्त्यावरचा महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर. हा योगायोगच, कारण काँग्रेस बहुतेक वर्षी त्याच तारखेला सुरू होत आली आहे. अध्यक्षपदी डॉ. विजयालक्ष्मी सक्सेना होत्या. 1914 पासून चालत आलेल्या या काँग्रेसला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती 1975 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी. त्याच्या आदल्याच वर्षी अधिवेशन नागपुरात झालं होतं.

मांडव मोठा होता, भाषणं झाली. त्यानंतर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने काँग्रेसच्या मागचा हात काढून घेतला आणि जानेवारी 2024 मध्ये अधिवेशन भरलंच नाही. म्हणजे ज्या व्यासपीठावर आपलं नाव विषयात घेतलं गेलं, तिथे पुढच्या वर्षी जाऊन 'मग काय झालं?' असं विचारायची सोयही राहिली नाही. विद्यापीठ मात्र इथेच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये त्याने शंभरी गाठली. त्याचे छोटे-मोठे कार्यक्रम दरवर्षी होणार आहेत आणि ते आपल्या बसच्या अंतरावर आहेत.

तिथे मुली दिसत नाहीत असं नाही. उलट मुलीच जास्त दिसतात असं अनेक प्राध्यापक कौतुकाने सांगतात. 2021-22 च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत देशात पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या 2.13 लाखांपैकी जवळजवळ 99 हजार स्त्रिया होत्या. जवळपास निम्म्या! पण 2018 मध्ये प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्यांत स्त्रियांचं प्रमाण 16.6 टक्केच होतं. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत हे मान्य. तरी मधल्या वाटेवर बाया कुठे गळतात, हे विचारायला तेवढे पुरेसे आहेत.

1933 मध्ये कमला सोहोनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर शिरल्या आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. आज तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. आज नाही म्हणतं ते वेळापत्रक. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा प्रकल्प महाविद्यालयातून पुढच्या फेरीसाठी निवडला गेला. फेरी दुसऱ्या गावी, दोन रात्री मुक्काम. सोबत शिक्षिका नाही, राहायची सोय कुठे ते शेवटपर्यंत कळवलेलं नाही. वडील नको म्हणाले. तिच्या गटातला मुलगा गेला आणि प्रमाणपत्रावर त्याचं नाव आलं. वडिलांना मागासलेले म्हणून आपण मोकळ्या होऊ शकतो. पण सोय कुठे आहे हे आठ दिवस आधी कळवायला कोणता समाज बदलावा लागतो?

नियम बरेच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी एकूण 240 दिवसांची रजा दिली, मुदतीतही सवलत दिली. 2022 च्या नियमांत ती रजा कायम आहे. 2015 च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठात, महाविद्यालयात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक केली. पण मार्गदर्शकाच्या सहीशिवाय जिथे पान हलत नाही, तिथे तक्रार करणाऱ्या मुलीचा प्रबंध कोण पुरा करून देणार? परिषदेच्या दारात समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन लावलेले आहेत का, एवढं तरी आपण बघून यायला हवं.

हे झालं आत शिरलेल्या मुलींचं. मला त्याहून जास्त खुपतं ते त्या बायांबद्दल, ज्यांच्या नावाने यंत्रं होतात आणि ज्यांना कुणी काही विचारत नाही. एका प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी कापूस वेचायचं यंत्र मांडलं होतं. पोरं हुशार, मनापासून समजावून सांगत होती. माझ्यासोबत वर्धा जिल्ह्यातली एक वेचणारी बाई होती. तिने यंत्र उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "वजन लय आहे जी. दिवसभर कोण धरन?" आणि थोड्या वेळाने, "अन् हे आलं तर आमच्या रोजीचं काय?" पोरं गप्प झाली. त्यांना कमी लेखायचं नाही. हा प्रश्न त्यांना शिकवलाच गेला नव्हता. विदर्भात वेचणी बहुतेक बायाच करतात, किलोवर मजुरी घेऊन. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरात आहे. वेचणीचं यंत्र येणार असेल तर ते कुणाच्या हातात येणार, मालकाच्या की बायांच्या गटाच्या, हाही संशोधनाचाच विषय नाही का?

चुलीचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या घरचं. 1983 च्या सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 मध्ये तो गुंडाळेपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली कागदावर लागल्या. त्यातल्या कितीतरी बायांनी फोडल्या, नाहीतर कोपऱ्यात सारल्या. कुठे तोंड लहान, मिळेल ते लाकूड आत जाईना. कुठे भाकरी नीट भाजेना, कुठे धुराडं साफ करायला छपरावर चढावं लागे. बायांना अक्कल नाही, असा निष्कर्ष काढणारे अहवाल लिहायला तेव्हा माणसं होती. चूल पेटवणारीला आधी विचारायला मात्र फारसं कुणी नव्हतं. पुढे आपल्या नागपूरच्याच नीरीने 'नीरधूर' नावाची चूल तयार केली, तऱ्हेतऱ्हेचं इंधन चालेल अशी. असं काम इथे होतं हे आपल्याच शहरातल्या किती जणींना ठाऊक आहे?

आणि यवतमाळ. 2017 मध्ये फवारणीच्या विषाने त्या जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. पाठीवरचा पंप पुरुषाच्या होता, म्हणून चर्चाही त्याच्या मोज्या-मुखवट्याची झाली. ते विषाने भिजलेले कपडे संध्याकाळी कोण धुतं? हातमोज्याशिवाय धुतं. या एका प्रश्नावर एखाद्या गृहविज्ञानाच्या किंवा रसायनशास्त्राच्या मुलीने प्रकल्प केला, तर तो बघायला मी पायी जाईन.

'आविष्कार' 2006 मध्ये कुलपतींच्या पुढाकाराने सुरू झाली. महाविद्यालयापासून विद्यापीठापर्यंत आणि मग राज्य पातळीवर अशी ती चढत जाते, आणि विज्ञान, तंत्रज्ञानाबरोबर शेती, कायदा, भाषा हेही विषय तिच्यात आहेत. म्हणजे आपण ज्या घरकामगारांबरोबर, परित्यक्तांबरोबर काम करतो त्यांच्या प्रश्नांनाही तिथे जागा आहे. ओळखीच्या मुलींना हे सांगितलं पाहिजे.

आमच्या गटाने एक पत्र लिहायला घेतलं आहे. शेती आणि घरकामाच्या साधनांचे प्रकल्प तपासायला दर फेरीत दोन तरी वापरणाऱ्या बाया परीक्षक म्हणून बसाव्यात, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलींची राहायची सोय, सोबतीच्या शिक्षिकेचं नाव आधी कळवावं, या मागण्यांवर एकमत झालं. अडलं ते एका वाक्यावर. ही फेरी ऐन वेचणीत येते, परीक्षक म्हणून आलेल्या बाईचा दिवस बुडतो. काही जणी म्हणाल्या, आधी जागा मिळू दे, पैशाचं मागून बघू. वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, परीक्षक सरांना मानधन मिळतं ना, मग आमची रोजी आत्ताच लिहा. ते वाक्य पत्रात पहिलं टाकलं आहे. ज्या गटांना सही करायची असेल त्यांनी वेचणी सरायच्या आत करावी.