बढती कोणाची, सही कोणाची?

स्वतःचे चिकित्सालय थाटण्याऐवजी मोठ्या औषधनिर्मिती कंपनीत नोकरी धरणारा तरुण वैद्य आता परभणी जिल्ह्यातही नवलाचा राहिलेला नाही. ही वाट गैर मुळीच नाही. परंतु कंपनीत वर चढतो कोण आणि कोणत्या गुणावर, या प्रश्नाची मोकळी चर्चा आपल्या व्यवसायात क्वचितच होते. तो प्रश्न केवळ नोकरदारांचा नाही. औषध लिहून देणाऱ्या व विकणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

वरची दारे बंद असतात असे नाही. १८८४ साली सुरू झालेल्या डाबरचा दैनंदिन कारभार बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये व्यावसायिक व्यवस्थापकांकडे सोपविला. २०१९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झालेले मोहित मल्होत्रा तेथे १९९४ मध्ये व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले होते. ही व्यवस्थापनाची शिडी झाली. निर्मिती व गुणनियंत्रण विभागातील वैद्याची शिडी बहुधा आखूड असते. कारण उघड आहे. विक्रीचा आकडा महिन्याच्या अखेरीस सर्वांना दिसतो. वैद्याने रोखलेली सदोष खेप मात्र कोणाच्याही हिशेबात जमा होत नाही. उलट ती रोखणाराच ‘अडवणूक करणारा’ ठरतो आणि वार्षिक मूल्यमापनात ‘सहकार्याचा अभाव’ हा शेरा त्याच्या पदरी पडतो.

वस्तुतः कायद्याने या वैद्याला मानाचे स्थान दिलेले आहे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती अर्हताप्राप्त पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठी मान्य अर्हता आहे. २००० साली आलेल्या ‘शेड्यूल टी’ने उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम घालून दिले. म्हणजे सही वैद्याची, जबाबदारी वैद्याची. बढतीचा निर्णय मात्र पुष्कळदा ज्यांना खेप लवकर बाजारात हवी असते त्यांच्या हाती. रोगाचे मूळ येथे आहे.

वरिष्ठांची मर्जी सांभाळणे हा यावरचा उपाय नव्हे. १९१० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या झंडूचे उदाहरण पाहावे. २००८ मध्ये वैद्य कुटुंबाने आपले समभाग इमामीला विकले. पारीख कुटुंबाने काही महिने विरोध केला आणि त्याच वर्षी अखेर तडजोड झाली. शंभरीकडे झुकलेल्या संस्थेची मालकी जर एका वर्षात बदलू शकते, तर एखाद्या वरिष्ठाच्या मर्जीवर उभारलेली बढती किती काळ टिकणार? टिकतात त्या नोंदी.

चरकाचार्यांनी विमानस्थानात संधाय आणि विगृह्य अशी द्विविध संभाषा सांगितली आहे. विगृह्य संभाषेपूर्वी स्वतःचे, प्रतिपक्षाचे आणि परिषदेचे बल पारखावे, असा त्यांचा उपदेश. कंपनीच्या बैठकीस तो तंतोतंत लागू पडतो. ‘हे द्रव्य मला योग्य वाटत नाही’ हे तोंडी विधान तेथे दुर्बल ठरते. परीक्षणाचा दिनांकासह लेखी अहवाल बलवान ठरतो.

त्या वैद्याचे बल वाढविणे आपल्याही हाती आहे. चूर्णास बुरशी आली, आसवाच्या बाटलीचे बूच उडाले, की आपण माल प्रतिनिधीच्या हाती परत देतो, बदली माल घेतो आणि विषय संपवतो. तोंडी तक्रार प्रतिनिधीकडे जाते आणि बहुधा तेथेच विरते. ती वर पोहोचविण्यात त्याचा लाभ तो काय? वास्तविक ‘शेड्यूल टी’नुसार बाजारातून आलेल्या तक्रारींची, चौकशीची व सुधारणेची नोंदवही उत्पादकाने ठेवावयाची असते आणि दर सहा महिन्यांनी तो तपशील परवाना अधिकाऱ्यास सादर करावयाचा असतो. म्हणून खेप क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि दोषाचे वर्णन लिहून तक्रार थेट निर्मात्याकडे पोस्टाने धाडावी, प्रत जपून ठेवावी. गंगाखेड वा सेलूच्या दुकानातून गेलेला असा एक कागद कारखान्यातील प्रामाणिक वैद्याच्या बाजूने बैठकीत साक्ष देईल.

संघटनेनेही एक मागणी आग्रहाने मांडावी: गुणनियंत्रणाचा प्रमुख विक्री वा उत्पादन विभागाच्या अधीन नसावा, त्याचे मूल्यमापन थेट संचालकांनी करावे, आणि लेखी कारण देऊन रोखलेली खेप त्याच्या दोषांत नव्हे, गुणांत मोजली जावी. सही करणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसेल, तर त्या सहीच्या भरवशावर आपण रुग्णाच्या हाती औषध कसे द्यावे?