बत्तीस मिलिमीटरचे दार

दरवर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांवर चिमणीच्या विरहाच्या कवितांना बहर येतो. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने तो २०१० पासून पाळला जातो. या कवितांतील चिमणी नेहमी आजीच्या वाड्यात राहते. वाडा गेला, चिमणी गेली, पाठोपाठ माणुसकीही गेली, असा त्यांचा ठरलेला क्रम. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींच्या तो इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही खोटे आहे हे आम्हांस बराच काळ जाणवले नाही.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. भिंतीतील सांदी, तुळईखालची पोकळी, तसबिरीमागची तिरकी जागा. चिमणीला आणखी काय हवे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, याच भिंती आणि हीच माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आमच्या जिल्ह्यात. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर ज्यांनी पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली निजणे पत्करले, त्यांना ‘वाडा का मोडलात?’ असे विचारण्याचा अधिकार कोणत्याही कवितेला नाही. चिमणीचे पिल्लू ज्या सांदीत वाढत होते, ती सांदी त्या भिंतीच्या दुबळेपणाचीही खूण होती. हे दोन्ही एकदम ध्यानात ठेवणारी कविता आमच्या हाती अद्याप आलेली नाही.

म्हणून छज्जाखाली टांगलेली साधी लाकडी पेटी आम्हांस विलापाहून अधिक प्रामाणिक वाटते. माणसाच्या मजबूत भिंतीला धक्का न लावता ती चिमणीची पोकळी बाहेरून परत देते. मात्र विलाप कसाही लिहिला तरी खपतो, पेटी खपत नाही. तिचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे हवे. त्याहून बरेच मोठे केले तर साळुंकी शिरते. पेटी माणसाच्या डोक्यावरून उंच, मांजराच्या उडीपलीकडे, दुपारच्या उन्हापासून आडोशाला हवी. आम्ही एका महाविद्यालयात पाहिलेल्या पेट्या पत्र्याच्या होत्या, गुलाबी रंगाच्या, वर सुवाच्य अक्षरांत काव्यपंक्ती, आणि टांगल्या होत्या पश्चिमेच्या भिंतीवर. एप्रिलमध्ये त्यांना हात लावला तर चटका बसे. उद्घाटनाला छायाचित्रकार होता; चिमणी आली नाही, हे तिचे शहाणपण.

अशा पेट्यांची खरी परंपरा उत्तर अमेरिकेत दिसते, आणि तिथे आमच्या चिमणीची भूमिका खलनायिकेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातून ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली ही चिमणी तिथल्या ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्याच्या ढोल्या बळकावू लागली. १९३० च्या दशकात इलिनॉयमधील मसलमन यांनी रस्त्यांच्या कडेने ब्लूबर्डसाठी पेट्यांच्या रांगा लावल्या. १९७८ मध्ये लॉरेन्स झेलेनी यांनी त्यासाठी संस्थाच स्थापली. तिथल्या पेटीचे भोक सुमारे ३८ मिलिमीटरचे असते, म्हणजे ब्लूबर्डला उघडे केलेले दार चिमणीला आपोआप उघडते. तेव्हा तिथले पक्षिप्रेमी नियमाने पेट्या उघडून पाहतात, नोंदी ठेवतात, चिमणीचे घरटे दिसले तर काढून टाकतात. इकडे करुणेचा विषय झालेला पक्षी तिकडे घुसखोर ठरतो! कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणाऱ्या आमच्या गोष्टीतल्या चिमणीला मात्र या भूमिकेचे नवल वाटू नये. आम्हांस त्या लोकांकडून घ्यावेसे वाटते ते इतकेच, की पेटी टांगल्यावर त्यांचे काम सुरू होते. आमचे तिथे संपते.

पेटीने सगळे साधत नाही, हेही खरे. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना अळ्या आणि मऊ कीटक भरवते. जिल्ह्याचा खरीप आता बहुतांशी सोयाबीनचा आहे, आणि फवारणीने अळी मेली की पिकाबरोबर पिल्लाचा घासही ‘स्वच्छ’ होतो. शेतकऱ्याला दोष देण्याची आमची तयारी नाही. पण पेटीशेजारी फवारणी न झालेला झुडपांचा एखादा कोपरा राखणे प्रत्येक महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे.

आमच्या घराच्या उत्तरेकडील छज्जाखाली एक पेटी आहे. दोन वर्षे ती रिकामी होती. पाहुणे कौतुकाने विचारत आणि आम्ही विषय बदलत असू. यंदा एक जोडी आली आहे. काड्या, कापूस, झाडूचे तुकडे, कुठूनशी आणलेली एक निळी दोरी. त्यातले निम्मे खाली पडते. तूर्त आम्ही दिवसातून दोनदा ओटा झाडतो.