पडद्यावरच्या होड्या आणि आमचे कुलूप

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांला संध्याकाळच्या जेवणास बोलाविले होते. बाहेर रोवणीचा पाऊस लागला होता. घरात अर्धी भिंत व्यापणारा नवा दूरचित्रवाणी संच आला होता. त्याची व त्याच्या ध्वनिवर्धकांची थोरवी पाहुण्यांना पटावी म्हणून यजमानांनी 'डंकर्क' हा इंग्रजी युद्धपट लावला. पावणेदोन तासांचा तो चित्रपट आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. मध्ये दोनदा तो थांबविण्यात आला. एकदा पाने घ्यायची होती म्हणून आणि एकदा थोरल्या मुलाचा फोन वाजला म्हणून. अखेरीस बाईंनी डोळ्यांना पदर लावला. यजमान म्हणाले, "फादर, काय खरेखुरे चित्रण! आपण त्या किनाऱ्यावरच उभे आहोत असे वाटले." आम्हीही मान डोलाविली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी नाल्याचे पाणी चढले आणि रेल्वेमार्गाच्या कामावर आलेल्या मजुरांच्या झोपड्यांत शिरले. छत्तीसगडकडची सात कुटुंबे लेकराबाळांसह उघड्यावर आली. पाणी ओसरेपर्यंत धर्मग्रामाच्या सभागृहात चार रात्री काढता येतील काय, असे विचारावयास त्यांचा मुकादम भिजत आमच्या दारी आला. आम्ही मंडळाच्या सभासदांना बोलाविले. सभागृहाला नुकताच रंग दिलेला आहे, शौचालये दोनच आहेत, शनिवारी एका लग्नाचा स्वागतसमारंभ ठरलेला आहे, हे लोक कोण, कुठले, उद्या काही गेले तर जबाबदार कोण, असे एकेक मुद्दे निघाले. मुद्दे खोटे नव्हते. ते मांडणाऱ्यांत ज्या घरी आम्ही चित्रपट पाहिला ते यजमानही होते. आणि आम्ही काय केले? "उद्या पाहू," असे म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा आटोपून किल्ली घेऊन आम्ही तिकडे गेलो, तेव्हा ती कुटुंबे निघून गेली होती. कोठे, ते कोणालाच सांगता आले नाही.

तेव्हा या लेखातील दोषारोप प्रथम आमच्यावर आहे आणि मग वाचकांवर, हे आरंभीच स्पष्ट करतो.

आमचा वाद चित्रपटाशी नाही. क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाने २०१७ साली पडद्यावर आणलेली ही कलाकृती सामान्य नव्हे. मे १९४० च्या अखेरीस जर्मन सैन्याने फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कोंडलेल्या दोस्त सैनिकांना समुद्रमार्गे इंग्लंडला हलविण्यात आले. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ सैनिक वाचले. दिग्दर्शकाने ही कथा धक्क्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास अशा तीन पदरांत विणली आहे. शत्रू जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती वाट पाहणारी माणसे. खऱ्या नौका, खरी विमाने, मोजके संवाद आणि घड्याळाच्या टिकटिकीसारखे संगीत यांमुळे प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. हे सारे आम्हांला मान्य आहे.

आमचा वाद आहे तो चित्रपटानंतर उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याशी : "असे चित्रपट पाहिले म्हणजे माणूस दुसऱ्याचे दुःख जाणतो." तरुणांच्या शिबिरांतून, पालकांच्या सभांतून, इतकेच काय, धर्मगुरूंच्या प्रवचनांतूनही हे वाक्य ऐकू येते. आम्ही स्वतःही ते उच्चारले आहे. आज आम्ही म्हणतो की हे वाक्य खोटे आहे. चित्रण जितके खरेखुरे, तितका पाहणाऱ्याचा हा भ्रम अधिक पक्का होतो की आपण काहीतरी सोसले, म्हणजे आपले कर्तव्य झाले. गोळीचा आवाज खरा असतो, समुद्राचे पाणी खरे असते. परंतु पाहणारा गादीवर बसलेला असतो आणि थांबविण्याची कळ त्याच्या हातात असते. त्या किनाऱ्यावरील कोणाच्याही हातात तशी कळ नव्हती. आमच्या नाल्याकाठच्या मजुरांच्या हातातही नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी काय पाहिले आणि कशाकडे डोळेझाक केली, हे आठवून पाहावे. चित्रपटात एक अबोल सैनिक आहे. बुडत्या जहाजाचे दार बाहेरून उघडून तो आत अडकलेल्यांचे प्राण वाचवितो. पुढे तेच सैनिक एका मासेमारी नौकेच्या पोटात लपतात. नौकेला गोळ्यांनी भोके पडतात, पाणी शिरू लागते, भार कमी करणे भाग पडते. कोणाला बाहेर काढावे? जो आपला नाही त्याला. तो अबोल तरुण इंग्रज गणवेशातील फ्रेंच आहे हे उघड होते आणि ज्यांना त्याने वाचविले, त्यांच्यातूनच त्याला बाहेर लोटण्याची भाषा सुरू होते. अखेर तो बुडतो. ही कथा येथे एखाद्या उपदेशकथेच्या उंचीला पोहोचते. पण जेवताना आम्ही बोललो ते विमानांविषयी, ध्वनीविषयी आणि संचाच्या किमतीविषयी. तीन आठवड्यांनी आमच्या बैठकीत शौचालये किती आणि माणसे किती याचा हिशेब चालला होता, तेव्हा आम्ही त्याच नौकेच्या पोटात बसलो होतो. एकालाही ते ओळखता आले नाही.

दुसरे पात्र आहे एका वयस्क नाविकाचे. सरकारी आरमार त्याची खासगी होडी ताब्यात घेणार असते. तो मात्र आपल्या मुलाला व त्याच्या मित्राला घेऊन स्वतःच निघतो. वाटेत ते एका भेदरलेल्या सैनिकाला पाण्यातून वर घेतात. पुन्हा किनाऱ्याकडे जायचे म्हणताच तो बिथरतो आणि झटापटीत मुलाचा मित्र प्राणघातक जखमी होतो. आपल्यामुळे काय घडले हे त्या सैनिकाला सांगण्याचे मुलगा टाळतो. ज्याला वाचविले त्याच्याच हातून नुकसान झाले, तरी होडी पुढे जाते. "उद्या काही गेले तर जबाबदार कोण?" या आमच्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर दिले गेले होते.

इतिहास सांगतो की बहुतेक सैनिक, सुमारे २ लाख ३९ हजार, बंदराच्या धक्क्यावरून मोठ्या जहाजांतून गेले; किनाऱ्यावरील वाळूतून उचलले गेलेले सुमारे ९८ हजार. लहान होड्यांची थोरवी दंतकथेने वाढविली, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. परंतु त्या होड्यांच्या मालकांनी "ज्यांचे काम त्यांनी करावे" असे म्हटले नाही, एवढे त्यांचे मोठेपण पुरेसे आहे.

येथे एक रास्त तक्रारही नोंदविली पाहिजे. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या तुकड्या घेऊन भारतीय सैनिक फ्रान्सला गेले होते. बव्हंशी पंजाबी मुसलमान असलेल्या या जवानांपैकी काही डंकर्कच्या त्या किनाऱ्यावर होते, तर एक तुकडी पुढे जर्मनांच्या कैदेत पडली. चित्रपटात त्यांचा मागमूसही नाही आणि त्याबद्दल अनेकांनी आक्षेप घेतला. आक्षेप योग्य आहे. मात्र दुसऱ्याच्या चित्रपटात आपला माणूस नाही म्हणून रागावणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या स्मरणात आपली माणसे आहेत काय, हेही तपासावे.

डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि ८ मार्च १९४२ रोजी ते शहर पडले. ब्रह्मदेशात तेव्हा सुमारे दहा लाख भारतीय होते. त्यांतील चार लाखांहून अधिक लोक आराकान, मणिपूर आणि उत्तरेकडील अरण्यांतून पायी भारताकडे निघाले. हजारो वाटेतच पटकी, हिवताप आणि उपासमारीने गेले. नेमकी मोजदाद कोणी ठेवली नाही. जहाजावर, विमानात, वाटेवरच्या छावण्यांतही गोऱ्यांना एक न्याय आणि काळ्यांना दुसरा, अशी तक्रार देशभर झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते आमच्याच विदर्भाच्या, वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते. डंकर्कहून जितके सैनिक परतले, त्याहून अधिक माणसे ब्रह्मदेशातून चालत आली. आमच्या किती घरांतील मुलांना हे ठाऊक आहे? आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाई आपल्या आईच्या कडेवर बसून त्या वाटेने आल्या होत्या. दहा वर्षे आम्ही त्यांना पवित्र प्रसाद देत होतो, पण ही गोष्ट आम्हांला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांच्या मुलाकडून कळली. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

विस्थापितांना पाहण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील माणसाला पडद्याची गरजच काय? अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ प्रतापगडच्या परिसरात, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो, भावात घासाघीस करतो आणि ते कोठून, कसे आले हे न विचारता घरी येतो. त्याच तालुक्यात अरुणनगर व आसपासच्या वस्त्यांत पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेली बंगाली कुटुंबे जंगलकाठच्या जमिनीवर नव्याने उभी राहिली. बिरसीची धावपट्टी, जिच्यावरून आज प्रवासी विमाने उडतात, ती दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात इंग्रजांनी बांधली. युद्ध आणि परागंदा होणे या गोष्टी आपल्यापासून दूर कधीच नव्हत्या.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या देवरीवरून जाणाऱ्या महामार्गाने मजूर पायी छत्तीसगडकडे चालले होते. त्याच मे महिन्याच्या ८ तारखेला औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते युद्ध नव्हते, म्हणून ती माघारही नव्हती काय?

आता दोन आक्षेप घेऊ. पहिला असा : "फादर, दिवसभर राबून माणूस घटकाभर विरंगुळा शोधतो, प्रत्येक गोष्टीत धर्म कशाला?" विरंगुळ्याला आमची हरकत नाही. विनोदी चित्रपट पाहावा, क्रिकेट पाहावे. परंतु जे माणसांच्या मरणाचे चित्रण आहे ते पाहून डोळे पुसल्यावर तो विरंगुळा होता असे म्हणता येत नाही. अश्रू ढाळले म्हणजे आपण साक्षीदार झालो. साक्षीदाराला नंतर बोलावले जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : "परदेशी चित्रपट सोडा, आपले पाहावे." १९९० साली कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आले. त्यावर २०१६ साली हिंदीत 'एअरलिफ्ट' आला. अनेकांच्या परिश्रमांतून झालेले ते कार्य चित्रपटाने एका काल्पनिक नायकाच्या खांद्यावर ठेवले आणि आमच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. परदेशी असो वा स्वदेशी, पडदा आपल्याला नायक देतो, आणि नायक मिळाला की बाकीचे सारे मोकळे होतात.

ख्रिस्तसभेने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. हेरोदाच्या तलवारीपासून बाळाला वाचविण्यासाठी रात्रीच मिसर देशाकडे निघालेले पवित्र कुटुंब हाच प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श, असे पोप बारावे पायस यांनी १९५२ साली आपल्या घटनापत्रात सांगितले. होड्यांतून पळणाऱ्या व्हिएतनामी लोकांचे हाल पाहून येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो आरूपे यांनी १९८० साली निर्वासितांसाठी स्वतंत्र सेवासंस्था उभारली. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्या शहराच्या वेशीवर होते, आणि त्यांनी जखमींसाठी आपल्या घराचे रुग्णालय केले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस ८ जुलै २०१३ रोजी लाम्पेदूसा बेटावर गेले आणि समुद्रात बुडालेल्यांसाठी आपल्यापैकी कोण रडले, असा प्रश्न त्यांनी जगाला केला. आम्ही रडलो होतो, पण चित्रपटातील माणसांसाठी. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला परक्याला घरात घेतले काय असे विचारणार आहे. परक्याचे चित्रण आवडले काय, असे नव्हे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलांना असा चित्रपट जरूर दाखवा, पण मध्ये थांबवू नका. संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नका. त्या अबोल फ्रेंच तरुणाविषयी मुलांना विचारा. आपल्या घराण्यातील कोण, कोठून, कशामुळे निघून येथे आले, हे घरातील वृद्धांना बोलते करून ऐका. आमच्या धर्मग्रामातील निम्मी कुटुंबे रेल्वेच्या, शाळेच्या वा रुग्णालयाच्या नोकरीपायी परप्रांतांतून आलेली आहेत. त्यांना कोणीतरी पहिल्या रात्री निवारा दिलाच होता. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांचा दिन पाळते. त्या दिवशी दानपेटीत नोट टाकून न थांबता प्रतापगडला जाऊ, चहा घेऊ, ऐकू.

आणि एक सूचना, जिच्यावर मंडळात चर्चा होणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सभागृहाची किल्ली आमच्या निवासाच्या ओट्यावरील खिळ्याला टांगलेली राहील. शौचालये दोनच आहेत. तिसऱ्याचे काम सुरू केले आहे. लग्नाच्या तारखा ठरविताना भाविकांनी याची नोंद घ्यावी.