एका अक्षराचे अठरा कोटी

सिकलसेल हा शास्त्रज्ञांचा लाडका आजार. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिलं, की गडबड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढं केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी गुन्हेगाराला मुद्देमालासह पकडलं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. जनुकात एक अक्षर चुकतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं गडाबडा लोळतो. तपास पूर्ण, आरोपपत्र चोख. रुग्ण? तो अजून लोळतोच आहे.

डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेनं क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारलेला पहिला उपचार मंजूर केला, कॅसजेव्ही. किंमत २२ लाख डॉलर. आपल्या हिशेबात अठरा कोटींच्या वर. जनुकाची कात्री आली, चूक दुरुस्त झाली, अशी दवंडी! आता माझी गंमत ऐका. त्या चुकलेल्या अक्षराला या कात्रीनं हातही लावलेला नाही. ती कापते भलत्याच जनुकाचं बटण, बीसीएल११ए नावाचं, म्हणजे आईच्या पोटात असताना बनत होतं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. उपयोग होतो, निर्विवाद होतो. पण व्हॅलिनमहाराज सहाव्या जागी ऐसपैस बसलेलेच आहेत.

आणि तेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणारी एक कॅप्सूल आधीपासून आहे. हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेत १९९८पासून या आजारासाठी मंजूर, आपल्याकडे काही रुपयांना एक. ती आजार मुळातून काढत नाही, जन्मभर घ्यावी लागते, रक्त तपासत राहावं लागतं. पण क्रायसिसचे, म्हणजे त्या वेदनेच्या झटक्यांचे, फेरे कमी करते. तिचा दोष एकच: तिच्यासोबत फोटो काढायला कोणी मंत्री येत नाही.

मंत्री येतात ते मोहिमेला. १ जुलै २०२३, शहडोल, मध्य प्रदेश: २०४७पर्यंत सिकलसेलचं उच्चाटन, आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी. तपासा की, हवीच आहे. पण मग हातात येतं तपासणीच्या निकालाचं कार्ड, आणि उपदेश: लग्नाआधी कार्डं जुळवा. व्वा! पॉलिंग झाले, इन्ग्रम झाले, आणि अखेर आपण पोचलो पत्रिकेपाशी. फरक इतकाच, की ही पत्रिका खरी आहे. दोघंही वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता. गणित बिनचूक. पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, उलट मलेरियाच्या जंगलात याच जनुकानं त्याच्या पूर्वजांना तारलं, हे गडचिरोलीतल्या सासूला कोण सांगणार? स्थळ मोडलं की बोभाटा मुलीच्या कार्डाचा होतो, मुलाचं कार्ड पेटीत जातं.

नोव्हेंबर २०२५मध्ये देशी क्रिस्परही जाहीर झालं. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेचं संशोधन, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे, आणि नाव? 'बिरसा १०१'. रुग्णांवरच्या चाचण्या पूर्ण व्हायच्या आधीच आदिवासींना नाव मिळालं! उपचार स्वस्त होवो, मनापासून म्हणतो. पण कात्री फुकट दिली तरी आधी केमोनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे जंतुविरहित खोलीत काढावे लागतात. ती खोली भामरागडपासून किती तासांवर असेल? आणि तिथं पोचेपर्यंत आरोग्य केंद्राच्या कपाटात ती काही रुपयांची कॅप्सूल असेल ना?