दुर्गम कुणापासून?

गेल्या माघातली गोष्ट. तिळस्याची जत्रा आठ दिवसांवर आली होती. मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेवढ्यात अंगणात एक मोटार येऊन थांबली. तीन पोरं आणि एक मुलगी उतरली. सगळी तिशीच्या आतबाहेरची, बोलायला गोड. "काका, नदीपर्यंत गाडी जाते का?" म्हणाली. म्हटलं, गाडी जात नाही, म्हशी जातात. हसली. घरातून पाण्याचा तांब्या आला, गूळ आला. पाणी पिता पिता त्यांनी ओटीवर नकाशा पसरला.

वैतरणेवर मोहीम काढायची होती. दोन कनू, चार माणसं, तीन रात्री. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यानं हाकायची लांबट होडी. दोघं जण डोक्यावर उचलून नेतील इतकी हलकी. वरून निघायचं, वाटेत डोह लागेल तिथं थांबायचं, मासे धरायचे, काठावर तंबू ठोकायचा. मासे धरायचे तेही साध्या गळानं नाही. मुलीनं एक डबी उघडून दाखवली. आत कोंबड्याच्या पिसांच्या, मोराच्या पिसांच्या बारीक बारीक माश्या, प्रत्येकीच्या पोटात आकडा. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. आपल्या गळाला शिसं बांधतात, म्हणून तो लांब जातो. यात वजन असतं ते दोरीला. दोरी चाबकासारखी मागंपुढं खेळवायची आणि ती पिसाची माशी अलगद पाण्यावर टाकायची. पोरीनं अंगणात करून दाखवलं. खोटं कशाला बोलू, बघत राहावंसं वाटलं. माशीनं मासा धरायचा, ही कल्पनाच मला आवडली.

मग मी त्यांचा कागद हातात घेतला. वर ठळक लिहिलं होतं, ‘मोहीम: दुर्गम वैतरणा’. तिथं माझं डोकं फिरलं.

दुर्गम कुणापासून हो? माझं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडची कातकरवाडी तर काठावरच आहे. बायका रोज धुणी घेऊन जातात, गुरं दोनदा पाण्यावर जातात, आमच्या मेलेल्या माणसांचे दहावे त्याच काठाला होतात. मुंबई इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. आणि मुंबईला तरी ही नदी दुर्गम कशी? १९५७ साली मोडकसागर झाला, तेव्हापासून वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे जिच्या पाण्याचा सकाळी चहा होतो, तिलाच संध्याकाळी नकाशावर दुर्गम म्हणायचं. नळातून गेली की ती आपली, आणि काठावर माणसं दिसली की ती दुर्गम. हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या, एका शब्दाला काय धरून बसलास? पण शब्दच महत्त्वाचा आहे. एकदा नदीला दुर्गम म्हटलं की ती रिकामी होते. रिकाम्या जागेत जायला कुणाला विचारावं लागत नाही. त्या कागदावर सगळं होतं. वल्ही किती, जीवरक्षक जाकिटं किती, आठ नंबरची काठी, सुकवलेलं जेवण, सापाच्या चाव्यासाठी जवळचा दवाखाना, फोनला रेंज कुठं येते तेसुद्धा. आणि अगदी तळाला, सगळ्यात शेवटी, एक रिकामा रकाना होता, ‘स्थानिक संपर्क’. त्यात माझं नाव आणि नंबर हवा होता. गाडी ठेवायला आणि काही झालंच तर बोलवायला.

पोरं वाईट नव्हती, हे पुन्हा सांगतो. कचरा परत नेणार होती. दारू आणणार नव्हती. आकड्याचा उलटा काटा घासून टाकलेला, म्हणजे माशाच्या तोंडातून तो सहज सुटतो. मासा धरला की ओल्या हातानं धरायचा, पाण्याबाहेर फार ठेवायचा नाही, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आमच्याकडं सुट्टीला येऊन नदीत बाटल्या फोडणारे बघितलेत, त्यांच्यापुढं ही पोरं देवमाणसं. म्हणूनच त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. बाटल्या फोडणाऱ्याशी कोण भांडतं? त्याला हाकलतात.

भांडण झालं ते तारखेवरून. त्यांना जूनचा दुसरा आठवडा हवा होता. पहिला पाऊस पडलेला, नदीला पाणी आलेलं, मासा हललेला.

आता ज्यानं नदीकाठी चार पावसाळे काढलेत त्याला विचारा, जूनच्या पहिल्या पाण्याला काय होतं. वलगण लागते. पहिला जोराचा पाऊस झाला, ओहळ वाहायला लागले की नदीतले मासे उलटे चढायला लागतात. ओहळातून नाल्यात, नाल्यातून थेट भातखाचरात. पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. म्हाशीर, ज्याला आम्ही देवाचा मासा म्हणतो, तोही पुराच्या पाण्याबरोबर वर सरकतो आणि पावसाळ्यातच गोट्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी टाकतो. वलगणीचे मासे खाणं ही आमच्याकडची जुनी चैन. रात्री बत्त्या घेऊन अख्खं गाव बांधावर असायचं. मीही असायचो. पण जेव्हा नदी मासळीनं भरलेली होती तेव्हाची ती गोष्ट.

ती रिकामी कुणी केली? शहरानं केली असं म्हणून मी मोकळा होणार नाही. धरणाची भिंत माशाला चढता येत नाही, हे खरंच आहे. पण बाकीचं आम्ही केलं. १९७७ साली मी सतरा वर्षांचा होतो, दहावी होऊन घरी बसलेलो. रस्त्याच्या खडीसाठी डोंगर फोडत होते. तिथून एकानं जिलेटीनचे दोन तोटे आणले. आम्ही पाच जण भर दुपारी डोहावर गेलो. बार उडाला, पाणी वर आलं, आणि मग मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. हातभर लांबीचे सात-आठ म्हाशीर काढले. गावभर वाटले, वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी घेऊन गेलो तर डोहाच्या कडेला बोटाएवढ्या पिल्लांचा खच पडलेला. कावळेसुद्धा खाऊन कंटाळले होते. सुरुंगानं आणि विषानं मासे मारायला १८९७ पासून कायद्यानं बंदी आहे, हे मला त्यानंतर वीस वर्षांनी कळलं. पण कायदा कळायची गरज नव्हती. त्या सकाळचा वास पुरेसा होता. आम्हालाही तेव्हा डोह रिकामाच वाटला होता. त्यात कुणाचं काही नाही, असाच.

म्हणून गेल्या तीन वर्षांपूर्वी गावात आम्ही एक ठराव केला. डोहावर बार नाही, ब्लीचिंग पावडर नाही, आणि वलगणीचे पहिले पंधरा दिवस डोहाच्या तोंडाशी जाळं नाही, गळसुद्धा नाही. हा ठराव कागदावर दोन ओळींचा आहे, पण तो करायला दोन पावसाळे गेले. सगळ्यात जास्त सोडलं ते कातकरवाडीनं. आमच्या घरात जूनला कणगीत भात असतं, त्यांच्याकडं नसतं. त्यांना त्या पंधरा दिवसांतली मासळी म्हणजे कालवण नाही, जेवण. तिथली एक म्हातारी सभेत उभी राहून म्हणाली, "आमी नाय मारणार. पन मंग कोनीच नाय मारायचा. पावनाबी नाय." पाहुणाही नाही! ही अट तिनं घातली तेव्हा आम्ही हसलो होतो. इथं कोण पाहुणा मासे मारायला येतोय, असं म्हणून.

आणि पाहुणे माझ्याच ओटीवर, माझाच गूळ खात बसले होते.

मी त्यांना हे सांगितलं. एक पोरगा म्हणाला, "काका, पण आम्ही मारणार नाही, सोडून देणार." बरोबर आहे. पण अंड्यानं भरलेली मादी गळाला लागून दहा मिनिटं झगडली तर तिची दमछाक होते ती होतेच. आणि समजा एकही मासा दगावला नाही, तरी काठावरून वाडीतली पोरं बघणार. शहरातले पाहुणे दोन होड्या आणि चार काठ्या घेऊन बंदीच्या दिवसांत डोहावर उभे आहेत. मग त्या पोरांना मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या जेवणाला बंदी आहे आणि यांच्या खेळाला नाही? त्या संध्याकाळी ठराव मेला असं समजा. दुसऱ्या दिवशी तोटा येईल, आणि तो आणणाऱ्याला थोबाडीत मारायचा हक्क मला राहणार नाही.

दुसऱ्या पोरानं वाचलेलं होतं. त्यानं कावेरीचं उदाहरण दिलं. कर्नाटकात १९७२ पासून एका संस्थेनं कावेरीचा काही भाग पट्ट्यानं घेऊन राखला. गळानं धरून सोडणारे हौशी लोक यायचे, त्यांच्या पैशावर राखणदार ठेवले, पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच वाटाडे केलं, म्हणून मासा टिकला. हे खरं आहे आणि मी ते मान्य करतो. गळवाला हा नदीचा शत्रू असतोच असं नाही. उलट रोज नदीवर असणारा माणूस चोराला पहिला दिसतो. पण त्याच कावेरीची दुसरी गोष्टही ऐका. तिथं नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला म्हाशीर होता, जगात फक्त त्या एका खोऱ्यातला. नदीत मासे वाढावेत म्हणून सत्तरच्या दशकापासून तिथं दुसऱ्या जातीच्या म्हाशिराची पिल्लं सोडली. ती आपल्या लोणावळ्याच्या उबवणी केंद्रातल्या बियाण्यातली. हेतू सोन्यासारखा. पाहुणा मासा फोफावला आणि घरचा कुबडा मासा इतका कमी झाला की २०१८ साली त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त जीवांत झाली. मी पोराला एवढंच म्हटलं, हेतू चांगला असून भागत नाही. नदीत आधीपासून कोण राहतं ते विचारावं लागतं.

मग मोहीम काढायचीच नाही का? काढा की. मी काही नदीला कुलूप लावून बसलेलो नाही. पण आखणी खालून वर करा. जो रकाना तळाला आहे तो पहिला भरा. आणि त्यात एका माणसाचा नंबर नको, सभेची तारीख हवी. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यातल्या मासळीवरचा गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. तो हक्क डोक्यावर नाचवायला नाही, निदान एकदा विचारायला तरी आहे.

जून नको. जुलै-ऑगस्टात मोडकसागर भरून वाहू लागला की या नदीचा भरवसा आम्हीही धरत नाही. माझा स्वतःचा पंप मी आळसानं वर ओढला नाही आणि एका रात्रीत गमावला. शिवाय गढूळ पाण्यात तुमची पिसाची माशी माशाला दिसणार कशी? चैत्र-वैशाखही नको. तेव्हा पाणी खडकांमधून करंगळीएवढं वाहतं, होडी पाठीवर घ्याल, आणि सगळे मासे उरलेल्या डोहात दाटीनं, तापलेल्या पाण्यात कसेबसे जीव धरून असतात. तेव्हा दमलेला मासा सोडला तरी वाचेलच असं नाही. या ते दिवाळीनंतर. भात कापलेलं असतं, पाणी निवळलेलं असतं, वाहतंही असतं. वाहत्या पाण्यात गळ टाका, डोह सोडा. तिळस्याला देवळाजवळ तर काठीच काढू नका. तिथं लोक माशांना चुरमुरे, फुटाणे घालतात, धरत नाहीत. महाडकडं वाळणकोंडीला वरदायिनीच्या डोहातही असेच मासे राखलेत. ज्या काळात मत्स्य खातं नव्हतं तेव्हापासून ही राखण चाललीय, आणि फुकट चाललीय.

आणि होडीत एक जागा मोकळी ठेवा. कातकरवाडीतल्या माणसाला बसवा. हमाल म्हणून नाही, वाटाड्या म्हणून, आणि त्याची मजुरी आधी ठरवून, तुमच्या त्या काठीच्या किमतीकडं बघून ठरवा. पाण्याचा रंग बघून तळाशी काय आहे ते तो सांगेल. ते तुमच्या नकाशात नाही.

पोरं ऐकून गेली. मुलीनं जाताना कागद घडी करून माझ्याकडंच ठेवला, म्हणाली, "काका, याच्यावर तुम्ही खुणा करून ठेवा." अजून फोन आलेला नाही. येईल किंवा नाही. मी मात्र खुणा केल्यात. कातकरवाडी, स्मशान, बायकांचं धुण्याचं खडक, गुरांचा उतार, वलगणीचे तीन ओहळ. नकाशावर आता रिकामी जागा फारशी उरलेली नाही. वरचा ‘दुर्गम’ शब्दही मी खोडलाय. त्याच्या जागी नुसतं ‘वैतरणा’ ठेवलंय.